सभासद क्रमांक ४१७

वाचनालय बंद झालं तेव्हा मालकांनी
थकलेल्या पगारापोटी पुस्तकं दिली, पोत्यातून.
त्यात ही कादंबरी. पाठीला खळीची पट्टी,
आत जांभळ्या शिक्क्यांची चिठ्ठी,
चिठ्ठीवर अकरा वेळा एकच आकडा.

मीच नेऊन द्यायचो. गिरगावातून सायकल,
बाबुलनाथानंतर उतरून ढकलत चढ,
वाळकेश्वरला चौथा मजला, लिफ्टमध्ये आरसा.
दार गडी उघडायचा, पण पुस्तक घ्यायला
मिसेस नवलकर स्वतः यायच्या.
ओले केस, बोटात पाचू,
मागे फोनवर साहेबांचं इंग्रजीतलं हसणं.

कादंबरीतही असंच जोडपं.
अपोलो बंदरावर त्यांची मोटार थांबली
की लोक हातातली कुल्फी विसरायचे.
नाच, महालक्ष्मीच्या शर्यती,
जिन्यात मोत्यांचा सर तुटतो ती चोवीस पानं,
मग दारू, मग पत्रं,
मग माथेरानचं ते हॉटेल.
आमच्या चाळीतल्या बायका मोत्यांपाशी थांबायच्या;
त्या पानांवर हळदीची बोटं, आमटीचा थेंब.

४१७ने तिथे काहीच केलेलं नाही.
तिच्या रेघा दुसरीकडे, पेन्सिलीच्या,
इतक्या फिक्या, की जणू शेजारी कुणी झोपलंय.
(तिच्याच, कारण एकदा पेन्सिल आत राहिली होती,
तिच्यावर कुठल्याशा परदेशी हॉटेलचं नाव.)

पान ६३: त्याने दिवा मालवला. तिचं पान अर्धं राहिलं होतं.
पान १४०: चहा आला. दोघांनीही तो निवू दिला.
पान २१२: किती वाजता याल, हे तिने आज विचारलं नाही.
आणि शेवटून तिसरं पान, जिथे लेखक
एका ओळीत उरकतो, की तिने त्याला क्षमा केली,
तिथे समासात एकच शब्द:
कधी?

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा.
उशिराचा दंड मागायचो, दिवसाला पाच पैसे.
ती रुपया द्यायची. म्हणायची,
उरलेले असू देत, पुढच्या वेळी उशीर होईलच.
मला वाटायचं, श्रीमंतांना वाचायला वेळ लागतो.

अकराव्यांदा पुस्तक परत आणायला गेलो,
ते गड्यानेच हातात ठेवलं.
बाईसाहेब?
गेल्या, म्हणाला.
आपल्या भाषेत गेल्या म्हणजे दोन्ही.
कोणतं, ते मी विचारलं नाही.
लिफ्ट बंद होती, जिन्याने उतरलो.

काल रात्री पान ६३वर होतो.
बायकोने कूस बदलली, तसा सवयीने
हात बटणाकडे गेला आणि तिथेच राहिला.
ती काही वाचत नव्हती. तरी विचारलं,
मालवू का?
हं? म्हणाली झोपेत, आणि मग बऱ्याच वेळाने,
आज काय झालंय तुम्हाला.

पोत्याच्या तळाशी सभासदांची वहीही निघाली.
४१७. अनामत रुपये पंचवीस.
परत मिळाल्याची सही
कोरी.