चार बोल्टांची जागा

खडकीच्या लिलावातली जोंगा,
ब्लॉकला तडा, बोट फिरवलं की नखाला लागतो.
दस्तगीर म्हणाला, वेल्डिंग करून देईन,
पण सिंहगडाच्या दुसऱ्या वळणावर मला शिव्या नका देऊ.

मग नाना पेठ. मग रविवारी जुना बाजार,
तिथे एक इंजिन गोणपाटावर बसलेलं,
पितळी नळांच्या ढिगाशेजारी.
जपानी आहे, म्हणाला विकणारा.
चालू आहे?
साहेब, चालू होतं म्हणून तर काढलं.

तिसरं आकुर्डीचं, ट्रॅक्समधलं डिझेल.
बुटकं, दमदार, थोडं बोलघेवडं.
पार्ट कुठेही मिळतात, अगदी भोरच्या चहावाल्याकडेसुद्धा,
असं दस्तगीर म्हणतो. तो उगाच काही म्हणत नाही,
फक्त दिवस सांगताना खोटं बोलतो.

मी टेप लावून मापं घेत राहिलो:
बोनेटखालची उंची, पंख्याचं अंतर,
आरटीओचे कागद, बँकेतला आकडा.
मंदाकिनीनं एवढंच विचारलं, आवाज कसा असेल?
त्याला माप नव्हतं.

आकुर्डीचं बसवलं. जुनी चार भोकं जुळली नाहीत,
नवी पाडली. जुनी तशीच आहेत,
त्यांतून खालची फरशी दिसते.
घाटात आता गाडी दम खात नाही.

पण पूर्वी बोपोडीच्या गल्लीत वळलो
की ती फाटकाची कडी काढून उभी असायची.
परवा पोचलो, फाटक बंद.
दोनदा हॉर्न वाजवला.
आतून म्हणाली, कोण आहे?