क्रौंचाचा पाय

लोवेलच्या वाचनालयाचं तळघर. मंगळवार, साडेसहा.
बॉयलर खोकतो. छताजवळच्या आडव्या खिडकीतून
बर्फ तुडवत जाणारे नुसते बूट दिसतात.
अशा जागी पाय शिकवणं सोपं.

मी फळ्यावर लिहिते: पेड.
हे मूळ. आता फांद्या मोजा.
पेडल, सायकलचं. पेडेस्ट्रियन,
म्हणजे ज्याला या गावात मोटारी दिसत नाहीत असं धरून चालतात, तो.
झुल्मिरा हात वर न करताच ओरडते, "पेडिक्युअर!"
तिच्या दुकानात दिवसाला अकरा गिऱ्हाइकं, बावीस पाय.
"आणि आमच्याकडे पायाला 'पे'च म्हणतात, मिसेस कॉर्कोरन.
म्हणजे इंग्रजीनं आमचंच ढापलं."
उसनं घेतलं म्हण, मी म्हणते,
परत न करण्याच्या बोलीवर.

मागच्या खुर्चीत सारून. वय एकाहत्तर.
काहीही विचारा, तो म्हणतो, "बात."
कळलं का? बात.
थंडी वाजते का? बात.
ख्मेर पुरुषाचं अदबीचं 'हो' आहे ते, एवढं मला ठाऊक.
पाच आठवडे वाटत होतं,
याच्या डोक्यात काही शिरत नाही.

आज त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून पत्र काढलं.
चार घड्या, सरकारी शिक्का, भावाच्या व्हिसाचं.
एका शब्दाखाली पेन्सिलीची रेघ,
इतकी दाबून, की कागद फाटलेला.
एक्स्पिडाइट.
कोशात त्याला सापडलं होतं: लवकर करणे.
तेवढ्यानं भागलं नव्हतं.

मी शब्द सोलला, उकडलेलं अंडं सोलावं तसा.
एक्स, बाहेर. पेड, पाय.
अडकलेला पाय बाहेर काढणे.
आणि त्याचा सख्खा वैरी इम्पेड:
पाय गुंतवून ठेवणे.
सारून बराच वेळ पत्राकडे बघत राहिला.
"म्हणजे मी मागितलं, त्याचा पाय सोडवा.
आणि हे म्हणतात, नाही."

चाळीस वर्षं कॉन्व्हेंटच्या पोरींना लॅटिन शिकवलं,
इतकं अचूक भाषांतर एकीनंही केलं नव्हतं.
शाबास म्हणायला माझं तोंड उघडलं नाही.

मग विषय बदलावा म्हणून (मास्तरकीची जुनी खोड)
मी पेडिग्री घेतला.
हा फ्रेंचांच्या घरून आला. अर्थ, क्रौंचाचा पाय.
जुन्या वंशावळीत बापाच्या नावाखाली
पक्ष्याच्या बोटांसारख्या तीन रेघा फुटायच्या,
म्हणून घराण्याचं नावच ते पडलं.
झुल्मिरानं वहीत करकोचा काढला,
नखांना लाल रंग देऊन.
सारूनच्या पक्ष्याला सहा बोटं.
सहा बोटांचा पक्षी नसतो, मी म्हणणारच होते,
तर तो एकेक बोट खोडू लागला.
घाई नाही. खोडरबर नाही. आडवी रेघ,
आणि प्रत्येक रेघेआधी पेन्सिल क्षणभर हवेत.
दोन उरली. एकाखाली लिहिलं लोवेल,
दुसऱ्याखाली बट्टंबांग.
दोहोंत इतकं अंतर,
की त्या पायावर कुठलाही पक्षी उभा राहू नये.

वर्ग सुटला. खुर्च्या रचायच्या सोडून
मी भिंतीकडच्या कपाटातला ख्मेर कोश काढला,
धूळ फुंकून, बोट फिरवत खाली.
बात: हो. व्युत्पत्ती संस्कृत. पाद.
पाय.

म्हणजे पाच आठवडे
मी विचारायच्या आधीच
तो माझ्या धड्याचं उत्तर देत होता.

मान वर केली, तर खिडकीत त्याचे बूट.
ओळखलेच मी. डाव्याची नाडी सुटलेली,
बर्फात मागे फरपटत चाललेली.
मी स्टुलावर चढून काच ठोठावली.
त्याला ऐकू गेलं नाही.