सुद-सुद

पनाय बेटावर चपलेच्या आवाजाला शब्द आहे: सुद-सुद.
पाय उचलला जात नाही,
मातीवरून नुसता ओढत येतो, तो आवाज.
पुस्तकात ह्याच आजाराचं नाव ओळभर लांब.
त्यात एक गुणसूत्र आहे, दोन ग्रीक मुळं आहेत,
चप्पल मात्र कुठेच नाही.

डॉ. रोसेनी दायोत वहीत पेन्सिलीने शब्द उतरवते.
गुडघ्यावर वही, वहीवर कोळंबीच्या पाण्याचा डाग.
कामाचं हे तिसरं वर्ष.
गावात सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात.
कुणा जुन्या अंमलदाराने म्हणे
यादीतलं एक पान फाडून
अख्ख्या गावाला वाटून टाकलं होतं.
दादिवास. दालिसाय. दायोत.
शेवटच्या नावावरून पेन्सिल
जरा लवकर पुढे सरकते.

पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ.
आजारी चौकोन काळा भरायचा.
वर्तुळात नुसता एक ठिपका:
तिला काही होत नाही,
ती फक्त पुढे पाठवते.

एर्नानी दादिवास, वय बेचाळीस,
खेकड्यांचे सापळे लावायचा.
आधी मान वळली, डावीकडे,
कुणी सारखं हाक मारत असल्यासारखी.
मग धड पिळत गेलं,
दोरीवर टाकायच्या कपड्यासारखं.
पण हनुवटीला एक बोट लावलं की मान सरळ.
एकच बोट, हलकेच, माशी बसावी तसं.
असं का होतं, रोसेनीला अर्धं सांगता येतं.
"हे कुणी शिकवलं?"
"कुणी नाही. सापडलं.
जुन्या खिशात नाणं सापडतं तसं."

चार मीटर चाल. वळ. परत ये.
मोबाइल विटेला टेकवून ती चित्रण करते.
शून्य ते चार, त्यातल्या एका आकड्यावर खूण.
तो म्हणतो, "बघू दे मला."
बघतो. पुन्हा लावायला सांगतो.
सुद-सुद, सुद-सुद.
आणि हसतो, तोंड वाकडं होईपर्यंत,
म्हणजे आजार नेतो त्याहून जरा जास्तच वाकडं:
"अगं, हा तर तातय!
माझा बाप, भरतीच्या आधी घाईने निघालेला.
मला वाटलं होतं, तो गेला."

रोसेनीची पेन्सिल तीनवर होती.
तीन बरोबरच होतं. तिने तीनच लिहिलं,
पण जरा वेळाने.

म्हातारी बाहेर आलीच नाही.
शिंपल्याच्या तावदानामागून विचारलं तिने,
"माझ्यापासून त्याच्यापर्यंत रेघ काढलीस ना,
ती पुसता येते?"
रोसेनीने खोडरबर तिच्या हातात ठेवलं.
उलटंपालटं करून पाहिलं म्हातारीने, हुंगलं,
परत दिलं.
"नको. रेघच पुसली तर तो माझा कोण?"

रात्री बोट नव्हती. रोसेनी तिथेच राहिली.
झोपेत सगळं थांबतं, हे तिने शेकडो पानांवर वाचलं होतं.
लुविस्मिन, त्याची बायको, भिंतीला टेकून जागी.
"झोप ना," रोसेनी म्हणाली.
"मग बघू कधी?" ती म्हणाली.
"दिवसा तर हा माझ्याकडे वळायला जातो
आणि भलतीकडेच वळतो."
चटईवर तो पाण्यासारखा सपाट.
तक्त्यात ह्यासाठी चौकट नव्हती.

दाराशी चपलांचा जोड. रोसेनीने टॉर्च लावला.
डावी, अंगठ्याखाली, इतकी झिजलेली
की तळातून अंगण दिसत होतं.
पट्टी लावून तिने मोजलं, लिहिलं,
टॉर्च विझवला,
आणि तरी बसून राहिली.

पहाटे जेट्टीवर रेंज येते.
तिचा भाऊ मालवाहू जहाजावर, छत्तीस वर्षांचा.
दर महिन्याला ती त्याला फोन करते,
हवा विचारते, जेवण विचारते,
मग एवढंच:
"नवे बूट घेतलेस? का? जुने झिजले?
कुठून रे,
टाचेकडून,
की पुढून?"