शटडाउनची सूचना

मूसाखेडीच्या जलप्रदाय कार्यालयात
चोवीस वर्षं मी एकच मजकूर लिहिते आहे:
उद्या अमुक टाक्या भरणार नाहीत,
नागरिकांनी सहकार्य करावं.
लिहिते हिंदीत, खाडाखोड मराठीत.

नदी खाली, जलूदला. इंदूर वर, पठारावर.
मधे सत्तर किलोमीटर आणि विंध्याची चढण.
आपणहून पाणी कधीच आलं नसतं इकडे.
वांचू पॉइंटपर्यंत त्याला रेटत आणायचं
हट्टी म्हशीसारखं,
पुढे उतार लागला की सुटतं एकटंच घराकडे.
पंप बंद पडला की तासाभरात माझा फोन वाजतो.
सुदामानगर, खजराना, परदेशीपुरा.
अन्नपूर्णा रोडच्या एक बाई तर नावानिशी विचारतात,
"शरयूताई, आज किती वाजता?"

खासगीवाले साहेब रिटायर होऊन आठ वर्षं झाली.
अजून गुरुवारी येतात, बिनसाखरेचा चहा घेतात
आणि कुणी सांगितलेलं नसताना गेज वाचतात.
परवा त्यांनी थकबाकीच्या यादीमागे
एक लांबट वेटोळं काढलं.
"हा अटलांटिक.
इथून कोमट पाणी उत्तरेला जातं. तिथे गारठतं,
मिठानं आधीच जड, बुडतं,
आणि तळातून परत फिरतं.
ना मोटर, ना लाइनमन, ना विजेचं बिल.
हजारो वर्षांचा पंप."
मग पेन्सिलीनं वरच्या टोकाला बारीक टिंबं दिली.
"हा ग्रीनलँडचा बर्फ. वितळतोय.
गोड पाणी, हलकं. वरच राहतं.
बुडायचं कसं, तेच विसरतं पाणी."

गोड पाणी.
ज्याच्यासाठी आई पहाटे तीनला हंडे लावायची,
जे पहिल्यांदा नळाला आलं तेव्हा
आमच्या गल्लीनं पेढे वाटले.
ते कुणाचा पंप बंद पाडेल
असं मला सुचलंच नव्हतं कधी.

"बंद पडेल?"
"मंदावतोय म्हणतात. पडेल का, कधी पडेल,
यावर जाणत्यांचीच भांडणं आहेत.
माझ्या हयातीत नाही बहुतेक.
तुझ्या नातीचं सांगता येत नाही."
पडला, तर युरोपातला हिवाळा
पाहुण्यासारखा न येता बिऱ्हाड करील.
पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकेल,
बसमध्ये कुणी सरकून बसावं तसा,
आणि आपली बाजू उन्हात पडेल.
"अमरकंटकला ढग कमी झाले, की मग जलूदला..."
पुढचं ते बोलले नाहीत.
चष्मा पुसून पुन्हा गेज वाचलं.

रात्री जावेबरोबर सराफ्यात गेले. गराडूचे दिवस.
मालव्याची थंडी, एका शालीत मावणारी,
कुणीतरी मोजून दिल्यासारखी.
कढईत फोडी तळाशी जात होत्या,
फिरून वर येत होत्या,
मी बघत राहिले. तेलसुद्धा फिरतंच.
"भिया, नमक थोडा ज्यादा," मी म्हटलं.
"तुला बीपी आहे," जाऊ म्हणाली.
मीठ कुठे कमी पडतंय
हे तिला तिथे, त्या गर्दीत, कसं सांगणार?

झोपायच्या आधी सवयीनं कागद घेतला.
सर्व संबंधितांस कळविण्यात येते की
(संबंधित कोण? पत्ता कुठला?)
दिनांक
(कोरा सोडला)
पासून प्रवाह
दुरुस्तीचं काम पूर्ण होताच पूर्ववत
इथे पेन अडलं.
चोवीस वर्षं हे वाक्य
मी हात धुतल्यासारखं लिहीत आले.
आज पहिल्यांदा विचार केला,
पाना घेऊन माणूस पाठवायचा कुठे,
कुठल्या व्हॉल्व्हपाशी.

सकाळी फोन.
"शरयूताई, आज किती वाजता?"
"साडेसहा."
एरवी मी लगेच ठेवते.
आज धरून ठेवला.
पलीकडे कळशी सरकली,
नळ आधी कोरडा खोकला,
बराच वेळ खोकत राहिला.
"आलं हो," बाई म्हणाल्या.