हजेरी

परिपत्रक मंगळवारी आलं.
घटक चौथा, 'समाज आणि वैविध्य', पुनर्विचाराधीन.
म्हणजे शिकवू नका,
पण शिकवू नका असं आम्ही म्हटलेलं नाही.
टाचणावर सही करताना खरवंडीकर सर म्हणाले,
"वर्गात कॅमेरा बसलाय, बघितलात ना?
हजेरी घ्या, तिसरा घटक रेटा,
पुढचं जूनमध्ये बघू."

हजेरी घ्या.
एवढं तरी नियमात होतं.

खिडकीच्या उंचीवरून मेट्रो गेली नळ स्टॉपकडे,
काच थरथरायची थांबली तसं मी मस्टर उघडलं.
म्हटलं, आज नुसतं 'यस मॅडम' नको.
नाव कुणी ठेवलं, घरी कोणत्या भाषेत हाक मारतात,
सांगा.

अनघा दामले म्हणाली,
आम्ही मुळात कुठून आलो हे विचारलं
की आमच्याकडे जेवणं अर्धी राहतात.
हुझैफाच्या घरची भाषा धड गुजराती नाही, धड अरबी नाही,
बोहरी आळीत स्क्रू मोजताना मात्र चोख पुणेरी:
"भाव एकच. पटलं तर घ्या."
लालरिनमावीला आडनावच नाही.
फॉर्मनं मागितलं
म्हणून तिनं एका नावाचे दोन तुकडे केले,
तेव्हापासून अर्ध्या नावाला ओ देते.
मोगरा पावरा उठली, हळूच म्हणाली,
फूल नाही मॅडम. देवी आहे आमची. सातपुड्यातली.

मी खूश होते. कबूल करते.
चौथा घटक हजेरीच्या पोटातून
असा बिनबोभाट पार होत होता,
कॅमेऱ्याचा लाल ठिपका बघत होता
आणि त्याला काही कळत नव्हतं.

रोल नंबर छत्तीस. आतिश भोसले.
"हजर."
अजून काही?
"नको. नुसतं हजर लिहा."
मागून घोरपडे ओरडला, "साताऱ्याचे का रे?"
वर्ग हसला.
आतिश मागे वळला नाही.
"पारधी. आमच्या पणज्याची हजेरी दिवसातून तीनदा व्हायची,
सोलापूरला, तारेच्या आत.
रात्री पण. झोपेतून उठवून.
नाव सांगायचं, बापाचं सांगायचं, अंगठा द्यायचा.
हजेरीला जास्त बोलायचं नाही,
हे आमच्यात लहानपणीच शिकवतात."

पंखा फिरत राहिला.
मी शोधलेली पळवाट
पलीकडच्या टोकाला
चौकीच्या दारात उघडत होती.

सॉरी म्हणावं तर तेही मस्टर हातात धरून.
मी छत्तीससमोर 'ह' काढला.
एवढं साधं अक्षर, नीट जमेना.
सदतीसपासून पुढे गेलेच नाही.

तास सुटल्यावर घोरपडे
त्याच्या बाकापाशी थांबला, काहीतरी बोलला.
कॅमेऱ्याला ऐकू येत नाही.
मलाही आलं नाही.

मस्टरच्या तळाला रकाना असतो,
'आज शिकवलेला भाग'.
तिथे लिहिलं: हजेरी.
मग थोडं थांबून, स्वल्पविराम देऊन:
अपूर्ण.