रात्रपाळीची वही

पाणी आठ अंश. बाहेर उणे सतरा.
सेवान तळ्यावरून आलेला वारा पत्र्याच्या कडा चाचपतो,
दुकान बंद करून निघालेला माणूस
पुन्हा मागे येऊन कुलूप ओढून बघतो तसा.

मी ह्रिप्सिमे. तिसऱ्या हौदापासून सातव्यापर्यंत माझी हद्द.
कपाळावर दिवा, हातात चिमटा,
ट्रेमध्ये अंडी,
कच्च्या डाळिंबाच्या दाण्यांसारखी, फिकट नारिंगी.
जिवंत असतं ते आरपार दिसतं.
मेलेलं पांढरं पडतं.
पांढरं तेवढं उचलायचं, नाहीतर बुरशी
शेजारणीला धरते, मग तिच्या शेजारणीला.
हे मला वार्दगेसनं शिकवलं,
ज्याचा स्वतःच्या शेजाऱ्याशी अकरा वर्षं अबोला होता
एका वासरापायी.

त्यानंच सांगितलं:
अंडं दिवस मोजत नाही, ऊब मोजतं.
चारशे अंश साठले की फुटतं.
आठ अंशांच्या पाण्यात पन्नास दिवस,
चार अंशांच्या पाण्यात शंभर.
मी विचारलं, आणि शून्यात?
तो गमबूट उलटा करून पाणी ओतत होता.
म्हणाला, शून्यात नुसती वाट बघणं. जमा काहीच होत नाही.

डिसेंबरात मादीच्या पोटावरून अंगठा फिरवतो,
अंडी कोरड्या तसराळ्यात उतरतात.
वरून नराचं दूध. हंसाच्या पिसानं ढवळायचं.
लग्न पाण्यातल्या जीवांचं,
आणि मांडवात पाण्याचा थेंब चालत नाही;
आधी पडला तर दार मिटतं.
मग साडेतीन आठवडे कुणी धक्का लावायचा नाही,
रस्त्यावरून ट्रक गेला तरी माझ्या छातीत धस्स होतं.
मग एका सकाळी आत दोन काळे ठिपके.
डोळे.
बघायला अजून काही नाही, तरी डोळे.

आजोबांनी तळं उतरताना पाहिलं होतं.
वरून हुकूम आला, पाणी वीज करायला गेलं,
बेटाला पायवाट फुटली,
आणि थंडीत इश्खान ज्या खडीत अंडी घालायचा
ती खडी उघडी पडून वाळली.
इश्खान म्हणजे राजपुत्र.
आता राजपुत्र आमच्या हौदात जन्मतो,
गोणीतल्या दाण्यावर वाढतो,
वजन भरलं की येरेवानच्या हॉटेलात जातो
तोंडात लिंबाची फोड धरून.
काही बोटुकली तळ्यात सोडतो. काहीच.
पाइपातून बाहेर पडली तरी कितीतरी वेळ
ती पाइपाकडेच तोंड करून उभी असतात,
प्रवाह तिथून येतो म्हणून.

परवा वीज गेली. पंप थांबला.
अडीच ते सहा, झऱ्यापासून हौदापर्यंत बादल्या,
मी आणि वार्दगेस, आणि कुणाला न बोलावता
खांद्यावर बादली घेऊन आलेला
तो वासरावाला शेजारी.
तिघं बोललो नाही. थंडीत दात उघडवत नव्हते,
असं नंतर वार्दगेस म्हणाला.

क्रास्नोदारहून आर्ताकचा फोन येतो,
तिथे तो दुसऱ्यांच्या भिंतींना गिलावा करतो.
हवा कशी आहे विचारत नाही. विचारतो, पाणी किती?
आठ, मी म्हणते.
मग दोघं थोडा वेळ पंपाचा आवाज ऐकतो.
सात हिवाळे झाले.
त्याचे अंश मी अजून लावून बघितलेले नाहीत.

आज पहाटे चौथ्या हौदात पहिलं फुटलं.
शेपूट आधी आली, मग बाकीचं, अर्धा तास लागला.
पोटाला पिवळी शिदोरी बांधलेली;
ती संपेपर्यंत हे पोर कुणाकडे काही मागणार नाही.

वहीत लिहिलं: पाणी आठ. मेलेली एकेचाळीस.
शेऱ्याच्या रकान्यात पेन उमटेना.
तोंडात धरून गरम केलं,
मग लिहिलं: सुरू झालीत.