कारणाचा रकाना

चार नंबरच्या खिडकीत मी बसतो.
जन्म, पत्ता, हरवलेलं लायसन्स,
आणि गेल्या वर्षापासून हा एक नवा अर्ज:
गुलामांच्या वंशजांसाठी आडनावात बदल. फी माफ.

बाई सत्तरीच्या पुढच्या. लोकरीची टोपी काढून
मांडीवर ठेवतात, मांजर घ्यावं तशी.
"एसेलीन नेलोक," म्हणतात. "आता उलटं वाच."

मी वाचतो. जीभ अडखळत नाही, तेच वाईट.
कोलेन.
माझी मुलगी कोलेन शाळेत जाते.
तिच्या दप्तरावर, डब्यावर, रेनकोटाच्या खिशावर
त्या शाळेचं सोनेरी जहाज आहे,
शिडं फुगलेलं.

"सुटका झाली तेव्हा एका सकाळी
अख्ख्या मळ्याला आडनावं लागली.
कारकून घाईत असणार. तुझ्यासारखाच,
वाईट नसेल.
मालकाचं नाव सरळ देता येईना,
तर कोट उसवून अस्तर बाहेर काढावं
तसं ते उलटं शिवून दिलं.
नाव ठेवलं आम्हाला.
दोन्ही अर्थांनी."

मी विचारतो, नवं नाव काय घालू?

"नातू म्हणतो, आफ्रिकेतलं घे.
कुठल्या गावचं घेऊ? तो किनारा केवढा लांब आहे.
आणि या नावाने माझी आई वारली.
पारामारिबोहून नवऱ्याची पत्रं आली ती याच नावावर,
लाँड्रीत चादरी टाकल्या त्या याच नावाने.
वापरून वापरून आता ते माझंच झालंय.
मला बदल नकोय."

मग त्या बोट ठेवतात पडद्यावर, काचेवर ठसा उमटतो.
बदलाचे कारण.
शेजारी लाल चांदणी: अर्जदाराने भरणे अनिवार्य.

"हे मी का लिहायचं?"

पिशवीतून घडी घातलेली झेरॉक्स निघते.
मळ्याचं नाव निश्चिंती.
डोई तीनशे गिल्डर, डोकी एक्केचाळीस.
सातव्या ओळीत: मुलगी, वय नऊ, खोकला आहे.
"खोकल्याचेही पुरे तीनशे दिले कोलेनला.
काटछाट केली नाही.
आणि तिला? नाव मिळालं,
वर त्याच उसात आणखी दहा वर्षं.
खाली बघ.
तेव्हाही कारणाचा रकाना होता.
सरकारने स्वतः भरलाय, किती वळणदार अक्षर:
मालमत्तेचे नुकसान."

माफी मागून झाली आहे.
मी ती टीव्हीवर ऐकली, बटाटे सोलताना.
सालं सिंकमध्ये पडत होती
आणि मला हलकं वाटलं होतं,
कुणी दुसऱ्यानेच आपलं बिल भरावं तसं.

मागे रांगेत एकजण घसा खाकरतो.

"तू लिही," बाई म्हणतात. "माझ्या तोंडून नको.
तुमच्या हाताने, तुमच्या रजिस्टरात,
माझ्या नावाशेजारी.
नाव राहू दे.
मग तेच शाळेच्या दारावरही लिही,
जहाजाच्या खाली,
मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर."

शाळेचं दार माझ्या खात्यात येत नाही.
हे मी बोलणार होतो. बोललो नाही.

दोनशे अक्षरांची जागा आहे.
मी टाइप करतो: तत्कालीन परिस्थितीनुसार
नाव देण्यात आले.
देण्यात आले. कुणाकडून?
वाक्यात माणूसच नाही.
मीच तर शिकलोय अशी वाक्यं,
त्यांचाच पगार घेतो.
खोडतो.

पुन्हा लिहितो: आम्ही
आणि पुढचं क्रियापद शोधत बसतो.

एक वाजता खिडकी बंद होते.
बाईंना ठाऊक आहे.
टोपी अजून मांडीवरच आहे.